घरच्यांना घेऊन कच्च्या वाटेवर जाताना: गाडीची तयारी कशी करावी

नाशिकमधून कुठल्याही दिशेला गाडी काढली की तासाभरात डांबर सोडून आत जाणारा एखादा फाटा भेटतोच. त्र्यंबकच्या पलीकडे हर्षेवाडी-निरगुडपाड्याकडचे रस्ते, घोटीहून वैतरणा धरणाकडे जाणारे, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातले, सटाण्याच्या पुढे मुल्हेर-साल्हेरच्या पायथ्याचे. यांतल्या बऱ्याच गावांत आता डांबर पोहोचलंय, पण एक पावसाळा सरला की खडी वर येते, साइडपट्टी खचते आणि पाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा मुरमाचाच निघतो. अशा वाटेला मित्रांबरोबर जाणं वेगळं आणि मागच्या सीटवर आई, सासरे आणि चार वर्षांचं मूल घेऊन जाणं वेगळं. मित्रांसोबत गाडी रुतली तर चार जण उतरून धक्का मारतात. घरच्यांसोबत रुतली तर धक्का मारायला तुम्ही एकटेच असता, आजींच्या गोळीची वेळ झालेली असते आणि मोबाइलला रेंज नसते.

म्हणून कुटुंबासाठी गाडी तयार करताना मी एकच कसोटी लावतो: काही बिघडलं तर अंधार पडायच्या आत सगळे सुखरूप डांबरावर परत येतील का? या कसोटीवर पाहिलं की कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही, हे आपोआप ठरतं. टपावर दिव्यांची पट्टी लावण्याआधी टायर बदलावेसे वाटतात. विंचची, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राची, किंमत विचारण्याआधी स्टेपनीतली हवा पाहावीशी वाटते.

आधी रस्ता ठरवा, मग गाडीकडे वळा

आपल्या जिल्ह्यात जमिनीचे दोन स्वभाव आहेत आणि दोन्हींसाठी तयारी वेगळी लागते. निफाड, येवला, सिन्नरकडे काळी माती. कोरडी असते तेव्हा तिच्यावरून साधी हॅचबॅकही सहज जाते, पण एक सर पडून गेली की ती टायरच्या खाचांमध्ये गच्च भरते, चाक गुळगुळीत होतं आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसुद्धा जागच्या जागी फिरत राहते. पावसात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर कुटुंब घेऊन जाऊच नये, गाडी कुठलीही असो. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे मुरूम, तांबडी माती आणि बेसॉल्टचे दगड. इथे पाणी लवकर निचरतं, पण दगडांना धार असते, रस्त्यावर ओहोळांनी चर पाडलेले असतात आणि पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं.

घरच्यांना न्यायला सगळ्यांत चांगला काळ दिवाळीनंतरचा. वाट बसलेली असते, ओढ्यांना घोट्याएवढंच पाणी असतं आणि हवाही बरी असते. एप्रिल-मेमध्ये धूळ आणि ऊन सोसावं लागतं. जून ते सप्टेंबर धबधब्यांचे दिवस, पण त्या दिवसांत मी घरच्यांना फक्त डांबरी रस्त्याने नेतो.

रस्ता कसा आहे हे नकाशावरून कळत नाही. उपग्रहाच्या चित्रात वाट दिसते, तिच्यावरची फरशी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, वाहून गेली आहे हे दिसत नाही. शेवटच्या मोठ्या गावात चहाच्या टपरीवर थांबून विचारावं, "पाड्यापर्यंत एसटी जाते का? दुधाची गाडी येते का?" एसटी जात असेल तर रुंदी आणि वळणं ठीक आहेत. पूर्वी जायची आणि आता फाट्यावरूनच फिरते असं कळलं, तर पुढे काहीतरी खचलंय असं समजावं. नुसतं "रस्ता चांगला आहे का?" विचारू नका. रोज मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाला तो चांगलाच वाटतो. "कार जाईल का? काल-परवा कुणाची गेली का?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

भरलेल्या गाडीचं माप घ्या

कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. आपण जातो पाच-सहा माणसं, पाण्याचे कॅन, डबे आणि चटई घेऊन. तेव्हा एका रविवारी सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये सगळ्यांना खरोखर गाडीत बसवा, सामान भरा आणि टेप घेऊन खाली वाका. पुढचा बंपर, इंजिनखालचं चेंबर किंवा त्याचं गार्ड, सायलेन्सरचा पाइप आणि मागचा एक्सल, या चार जागांचं जमिनीपासूनचं अंतर लिहून ठेवा. रिकाम्या गाडीपेक्षा दोन-चार सेंटिमीटर सहज कमी भरतात आणि मागचे स्प्रिंग थकलेले असतील तर मागे आणखी कमी. जो आकडा सगळ्यांत लहान, तोच तुमचा ग्राउंड क्लिअरन्स.

पुढच्या चाकाचा टायर जमिनीला टेकतो तिथून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत एक दोरी ताणून धरा. ती जमिनीशी जेवढा कोन करते, त्याहून उभा चढ सुरू होताना बंपर टेकणार. मागेही तसंच बघा. हा कोन एकदा डोळ्यांत बसला की नाल्यात उतरण्याआधीच गाडी घासणार की नाही याचा अंदाज येतो.

वजनाचंही एकदा गणित मांडा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर टायरची हवा आणि बऱ्याच गाड्यांत एकूण वजनाची मर्यादाही दिलेली असते. टपावर किती ठेवता येईल हे मॅन्युअलमध्ये असतं आणि तो आकडा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं. जड सामान वर गेलं की आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. टपावर हलक्या वस्तू, म्हणजे गाद्या, चटया, ताडपत्री. पाणी आणि हत्यारं खाली, मागच्या सीटला टेकून.

टायर: पहिला खर्च इथेच

हातात पंधरा-वीस हजारच असतील तर सगळे टायरवर घाला, हे मी कुणालाही सांगेन. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनंतर शेवटी चार अंकी आकडा असतो. 2322 असेल तर तो 2022 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झालाय. पाच-सहा वर्षांवरचा टायर वरून नवा दिसत असला तरी रबर कडक झालेलं असतं. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर दगडी वाटेवर तो नेऊ नका. खाचांची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागते. कच्च्या वाटेसाठी 4 मिलिमीटरखाली मी समाधानी नसतो. फूटपट्टीचं टोक खाचेत घालून पाहिलं तरी कळतं.

घरच्या गाडीला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे, टायर चांगले. चिखलासाठीचे मोठ्या गोट्यांचे टायर घेऊ नका. आपल्या सहलीतलं बहुतेक अंतर डांबरावरच जातं आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. माप कंपनीने दिलेलंच ठेवा. मोठं घातलं की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, वळणावर टायर आत घासतो आणि इन्शुरन्सच्या वेळी प्रश्न निघू शकतो. भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.

आता हवेबद्दल. डांबरावर 33 पीएसआय ठेवत असाल तर मुरूम-दगडाच्या वाटेवर 26 ते 28 पुरे. टायर थोडा पसरतो, पकड वाढते, दणके कमी बसतात आणि मागे बसलेल्यांच्या पाठीला ते लगेच जाणवतं. मऊ वाळूत किंवा चिखलात अडकल्यावर सुटण्यापुरती 20 पर्यंत उतरवता येते. त्याखाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग ताशी तीस-चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर लागताच पुन्हा भरा. कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर तापून फुटू शकतो. कमी उंचीच्या भिंतीचे, 17-18 इंची अलॉयवाले टायर असतील तर 26 च्या खाली उतरूच नका; धारदार दगडावर भिंत चिरली तर तिला पंक्चरची पट्टी लागत नाही.

म्हणजे हवा मोजायचा मीटर आणि 12 व्होल्टचा कंप्रेसर या दोन वस्तू गाडीत हव्यातच. मोठा कंप्रेसर चार्जिंगच्या सॉकेटवर चालवला तर फ्यूज उडतो. तो बॅटरीला चिमट्याने जोडायचा, इंजिन चालू ठेवून. ट्यूबलेस पंक्चरचं किट घ्या आणि घरी जुन्या टायरवर एकदा हात बसवा. पट्टी आत ढकलायला जोर लागतो, पहिल्यांदाच आडरानात करायचं हे काम नाही.

स्टेपनी पाचवा टायर आहे असंच समजा. तिच्यात दोन-चार पीएसआय जास्त हवा ठेवा. तुमची स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर ती जास्तीत जास्त ताशी 80 ने डांबरावरून गॅरेजपर्यंत जाण्यासाठी असते, दगडांसाठी नाही; अशा गाडीने मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरपेक्षा आत जाऊ नये. काही गाड्यांची स्टेपनी मागे खाली साखळीला लटकलेली असते. ती साखळी चिखलाने गंजून अडकते. महिन्यातून एकदा खाली उतरवून बघा. चाकाचे नटही गाडीतल्याच पान्याने एकदा सैल करून पाहा. टायरवाले गनने इतके आवळतात की त्या आखूड पान्याने ते हलत नाहीत. लांब दांड्याचा पाना घेतला तर घरातलं कुणीही चाक बदलू शकतं.

गाडीखाली स्वतः वाकून बघा

गॅरेजला "सगळं चेक करा" सांगितलं तर ऑइल बदलून, गाडी धुऊन मिळते. नेमकं सांगा आणि लिफ्टवर गाडी चढवली की स्वतः खाली उभे राहा. पुढच्या चाकांच्या एक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का? फाटला असेल तर आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ठिपक्यांसारखं उडालेलं दिसतं. त्यात मुरमाची धूळ गेली की जॉइंट लवकर खराब होतो. शॉकअबवर तेलाचा ओघळ नसावा. लोअर आर्मचे बुश चिरलेले नसावेत. चाक वर उचलून घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायला सांगा. खेळ जाणवला तर टायरॉड किंवा बेअरिंग बघावं लागेल.

ब्रेकचे पॅड 3 मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर बदलूनच निघा. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं आणि मग ते कमी तापमानाला उकळतं. सावळघाट किंवा वाघेरा घाट भरल्या गाडीने उतरताना पेडल अचानक मऊ लागलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. दर दोन वर्षांनी ते बदलावं.

चेंबरखाली प्लास्टिकचं गार्ड असेल तर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं लावून घेणं उत्तम. सातपूर-अंबड परिसरात फॅब्रिकेशनचं काम होतं, पण गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेलं, मूळ छिद्रांत बसणारं आणि ऑइल काढायला भोक ठेवलेलं गार्ड घ्या. वेल्डिंग करून काही चिकटवू नका.

एअर फिल्टर उन्हाळ्यातल्या दोन-तीन धुळीच्या फेऱ्यांतच भरतो, त्यामुळे त्याचं किलोमीटरचं वेळापत्रक विसरा आणि काढून बघा. त्याच वेळी इंजिनला हवा नेमकी कुठून जाते ते शोधून ठेवा. अनेक गाड्यांत तिचं तोंड हेडलाइटच्या मागे, वाटतं त्याहून खाली असतं. ओढ्याचं पाणी किती चालेल हे त्यावर ठरतं. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. कूलंट, बेल्ट, वायपर, हॉर्न हे नेहमीचंच.

ओढून काढायची तयारी

गाडीच्या टूलकिटमध्ये एक जाड लोखंडी कडी असते. बऱ्याच जणांनी ती कधी बाहेरच काढलेली नसते. ती पुढच्या किंवा मागच्या बंपरमधल्या एका चौकोनी झाकणाच्या आत बसते. ते झाकण नखाने निघत नाही. स्क्रू-ड्रायव्हरला कापड गुंडाळून हळूच उचकटायचं. आत आट्यांचं भोक दिसेल, त्यात पहिल्यांदा मातीच सापडेल. जुन्या टूथब्रशने ती साफ करा, आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि कडी फिरवून बघा. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचे. शेवटपर्यंत, पान्याचा दांडा कडीत घालून घट्ट. अर्धवट फिरवलेली कडी जोर येताच वाकते. हे घरी करून ठेवलं की चिखलात गुडघे टेकून शोधाशोध करावी लागत नाही.

ही कडी सरळ रेषेत, सावकाश ओढण्यासाठी असते. झटका द्यायला नाही. ज्या गाड्यांना चॅसिसवर पक्के हुक आहेत त्यांनाच लवचीक, झटक्याचा दोर लावावा. इतरांनी साधा आठ-नऊ मीटरचा रुंद पट्टा घ्यावा, ज्याची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दुप्पट-तिप्पट असेल आणि ती पट्ट्यावर छापलेली असेल. लोखंडी वायर रोप नको, तो तुटला तर चाबकासारखा येतो. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नका. तो निखळून माणसाच्या अंगावर गेल्याचे अपघात जगभर झालेत.

दोर ताणण्याआधी त्याच्या मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटलाच तर खाली पडतो. घरच्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला, चढाच्या अंगाला उभं करा. दोराच्या रेषेत कुणीही नको.

आपल्या भागात खरी मदत येते ती ट्रॅक्टरची. शेजारच्या शिवारातला कुणी ना कुणी येतोच, आणि बहुतेक वेळा आपुलकीने येतो. दोर कुठे लावायचा हे मात्र आपण दाखवावं, नाहीतर तो एक्सलला किंवा बंपरला बांधला जातो. "दादा, झटका नका देऊ, पहिल्या गिअरला हळूहळू ओढा," एवढं सांगावं. काम झाल्यावर डिझेलचे आणि त्यांच्या वेळेचे पैसे मनापासून द्यावेत.

ट्रॅक्टर येण्याआधी आपण काय करू शकतो? चाक फिरायला लागलं की पाय काढा. जेवढं फिरवाल तेवढं ते खाली जातं. लहान दांड्याच्या फावड्याने चाकांच्या पुढची माती उतरती करून काढा, पोट टेकलं असेल तर पोटाखालचीही. चाकापुढे गोणपाट, नसेल तर पायपुसणी घाला, हवा उतरवा आणि ज्या चाकोरीतून आलात त्याच चाकोरीतून मागे निघा. जॅक मऊ जमिनीत गाडीऐवजी स्वतःच खाली जातो. त्याच्याखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळी हवी. गोणपाट, फळी, फावडं, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा टॉर्च एका गोणीत भरून ठेवा. खर्च अगदी थोडा आणि निम्म्याहून अधिक प्रसंगांत एवढ्यावर भागतं.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गाडी चिखलात मागून खोल रुतली असेल आणि सायलेन्सरचं तोंड बुजलं असेल, तर इंजिन आणि एसी चालू ठेवून काचा बंद करून आत बसायचं नाही. विषारी वायूला वास नसतो.

माणसं आणि सामान

कच्च्या वाटेवर वेग ताशी पंधरा असला तरी पट्टे हवेतच, मागच्या सीटवरही. डोकं काचेवर आपटायला खड्डा पुरतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. लहान मुलाचं आसन सीटमधल्या आयसोफिक्सच्या (बालआसन अडकवायच्या) कड्यांना किंवा पट्ट्याने इतकं घट्ट बसवा की धरून हलवलं तर ते बोटभरही सरकू नये. मांडीवर बाळ घेऊन बसणं घाटात सर्वांत धोक्याचं. अचानक ब्रेक लागला तर कुणाच्याही हातात ते राहत नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पट्टे नसतील तर तिथे सामान ठेवा, मुलं नव्हे.

सुटी वस्तू गाडीत एकही नको. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, डब्यांची पिशवी, कंप्रेसर हे सगळं मागच्या कड्यांना पट्ट्याने किंवा जाळीने बांधा. माणशी तीन-चार लिटर पाणी दिवसाला धरा, त्याशिवाय एक कॅन राखीव. खाण्यात दशम्या, चटणी, लाडू, केळी. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, मोबाइल बघू देऊ नका आणि काच थोडी खाली ठेवा. गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आधी.

प्रथमोपचाराच्या डब्यात बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, ओआरएस, चिमटा आणि घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या औषधांचा दोन दिवसांचा जास्तीचा साठा. पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्पदंशाचा विचार करावाच लागतो: चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं, यांतलं काहीही करायचं नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन करून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे निघायचं. निघण्याआधी त्या वाटेवरचं असं रुग्णालय कुठे आहे, ते नकाशात खूण करून ठेवा. नकाशा रेंजशिवाय चालेल असा उतरवून घ्या आणि घरी असलेल्या एकाला वाट आणि परतायची वेळ लिहून पाठवा. "आठपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळव," एवढं स्पष्ट.

कागद आणि कायदा

आरसी, पीयूसी, इन्शुरन्स हे माहीतच आहे. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्टचं कव्हर आहे का, एवढं आवर्जून बघा. साध्या पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत. पुढचं लोखंडी क्रॅश गार्ड लावू नका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, आणि कारणही रास्त आहे: धडकेचा हिशेब बिघडतो, एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही आणि पादचाऱ्याला जास्त इजा होते.

आणि गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या पठारावर सेरोपेजिया जातीची एक वनस्पती उगवते, जी अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाते. अशा सड्यांवर, गवताळ माळांवर, धरणाच्या काठच्या ओल्या गाळात चाक घातलं की पुढची कित्येक वर्षं ती खूण राहते. कुणाच्या भाताच्या खाचराचा बांध ओलांडायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

रंगीत तालीम

थेट मोठ्या सहलीला निघू नका. पहिली फेरी गिरणारेहून वाघेरा घाटाने हरसूलपर्यंत, सगळी माणसं आणि सगळं सामान घेऊन. रस्ता डांबरीच आहे, पण ब्रेक तापतात का, कोण कुठे बसल्यावर त्रास होतो, काय खडखडतं, हे सगळं कळतं. दुसऱ्या फेरीत एखाद्या मुरमाच्या रस्त्यावर हवा उतरवून, पुन्हा भरून, चाक बदलून पाहा. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर फोर-हाय (नेहमीच्या वेगासाठी) आणि फोर-लो (कमी वेगात जास्त जोरासाठी) खरोखर लागतात का तेही. महिनोन् महिने न वापरल्याने ते अडकतात. लिव्हरने लावायचा फोर-व्हील-ड्राइव्ह कोरड्या डांबरावर वळणात वापरू नका, गिअरबॉक्सवर ताण येतो. आणि घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी असेल तर त्यांनाही हे सगळं हाताने करू द्या.

प्रत्यक्ष वाटेवर

अवघड जागा आली की गाडी उभी करून आधी चालत जाऊन पाहायचं. मुलं आणि वडीलधारी उतरवून वरच्या अंगाला, ड्रायव्हरला दिसतील अशी उभी करायची. चढावर गाडीच्या मागे आणि उतारावर पुढे कुणी थांबायचं नाही. हाताने खुणा करणारा एकच माणूस, बाकीचे गप्प. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा.

उतार सुरू होण्याआधीच पहिला गिअर, असेल तर फोर-लो, आणि क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. इंजिनलाच गाडी आवरू द्यावी. ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवावा. चढावर गाडी मध्येच थांबली तर वळवायचा प्रयत्न करू नका, आडवी गाडी कलंडते. रिव्हर्स टाकून, स्टिअरिंग सरळ ठेवून, सरळ मागे या.

पाण्याबद्दल मी कठोर आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाणी किती चढलं ते सांगतात. रानातल्या फरशीवर असं मोजमाप नसतं आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही हेही दिसत नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगायला लागते. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक एसयूव्ही वाहून नेतं. तळ दिसत नसेल, पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल किंवा वेगाने वाहत असेल तर परत फिरायचं. वर डोंगरात पाऊस पडत असेल तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा चढतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्याजवळ अचानक पाणी वाढून पर्यटक अडकून पडले होते. स्थिर, उथळ पाण्यातून गेलात तर एकसारख्या संथ वेगाने जा आणि बाहेर आल्यावर हलके ब्रेक चार-पाच वेळा दाबून पॅड वाळवा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका, आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात. गाडी ओढूनच काढायची.

परतीची वेळ निघतानाच ठरवा. मी दुपारी तीन धरतो: तीन वाजता जिथे असू तिथून माघारी, ठरलेली जागा दोन किलोमीटरवर असली तरी. त्यामुळे पाच-साडेपाचला डांबर लागतं आणि वाटेत काही झालंच तर दोन तास उजेड हाताशी असतो. हिवाळ्यात लवकर अंधारतं, तेव्हा दोन.

घरी आल्यावर

गाडी वरून धुण्याआधी खालून धुवा. चाकांच्या कमानीत, चेंबर गार्डच्या वर आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेली माती दोन दिवसांत दगडासारखी होते. गार्ड आणि सायलेन्सरच्या मध्ये दगड किंवा वाळलेलं गवत अडकलंय का बघा. गवत तापून पेटू शकतं. टायरच्या आतल्या भिंतीवर हात फिरवून चिरा तपासा, चाकाचे नट पुन्हा आवळा, स्टेपनीची हवा बघा. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. ओढायचा पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आत अडकलेली वाळू त्याचे धागे कापते. एखादा धागा तुटलेला दिसला तर तो पट्टा सामान बांधायला वापरा आणि ओढायला नवा आणा. ज्या वस्तू या वेळी लागल्या आणि सापडायला वेळ लागला, त्यांची जागा त्याच संध्याकाळी बदलून टाका.